पाच हॉर्सपॉवरची पाटी

“ज्या दिवशी खेड्यातलं लेथ स्वतः विचार करायला लागेल, त्या दिवशी दुष्काळ या जिल्ह्याची वेस ओलांडून पळून जाईल!” चेअरमन बलभीमराव म्हणाले आणि टाळ्यांसाठी थांबले.

टाळ्यांऐवजी रस्त्यावरून टँकरचा हॉर्न आला. सगळी सभा जागची उठली. सभासद उठले, संचालक उठले, आभार मानायला उभा राहिलेला सेक्रेटरी उत्तरेश्वर आभाराचा कागद खिशात कोंबून सगळ्यांच्या पुढे पळाला. बाहेर घागरी, बादल्या आणि तेलाचे डबे यांचा एकच खणखणाट झाला. विचार करणाऱ्या लेथचं भवितव्य ऐकायला मागे तिघंच उरले. चेअरमन, कारण घागर घेऊन पळणं पदाला शोभलं नसतं. शिवाय त्यांचा गडी पिंप घेऊन केव्हाच गेला होता. पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर मल्लिकार्जुन, कारण त्याच्याजवळ घागर नव्हती. आणि कोंडिबा टर्नर, कारण टँकर त्याच्या वस्तीपर्यंत पोचेस्तोवर टाकीत नुसता आवाज उरायचा.

“तर मुद्दा असा,” चेअरमन त्या दोघांना म्हणाले, “की सोसायटी ती पेटी घ्यायलीच.”

सत्याऐंशीचा उन्हाळा होता. लोहारा-सास्तूर रस्त्यावरच्या त्या गावात अवजारं आणि पंप दुरुस्त करणारी एक सहकारी संस्था होती. तिचं पूर्ण नाव बोर्डावर दोन ओळींतही मावत नसे, म्हणून लोक तिला नुसतं सोसायटी म्हणत. सोसायटीत लोखंड कातायचं एक मोठं लेथ होतं. ते सोलापूरच्या एका गिरणीतून जुनं म्हणून विकत आलं, तेव्हा नवरीबरोबर पाठराखीण यावी तसा कोंडिबाही त्याच्याबरोबर आला होता. लेथ शांत होतं. पाठराखीण तापट होती. कोंडिबाच्या डोक्यावर चहाचं पातेलं ठेवलं तर स्टोव्हचं रॉकेल वाचेल, असं गावात म्हणत. अर्थात त्याच्या माघारी.

तर या लेथवर पंपाच्या नळ्यांना आटे पाडायचे, दांडे कातायचे, असली कामं चालत. दुष्काळात विहिरी जसजशा खोल गेल्या तसतशा नळ्या लांबत गेल्या, आणि काम वाढत गेलं. पण आटे पाडायचे तर लेथचं स्पिंडल सावकाश फिरायला हवं. भरधाव फिरणाऱ्या नळीवर आटे पाडणं म्हणजे पळत्या रेड्याची हजामत करणं. आणि गेली तीन वर्षं हे लेथ भरधावच फिरत होतं. आटे फाटायचे, नळ्या गळायच्या, शेतकरी येऊन कोंडिबाच्या आईबापाचा उद्धार करून जायचे. कोंडिबा प्रत्येक मीटिंगला ओरडून सांगायचा, की लेथला धीमी गती द्या. कुणी ऐकत नव्हतं. मग वरून आधुनिकीकरणाचं अनुदान आलं. गरज होती तेव्हा तिला अनुदान नव्हतं; आता अनुदान होतं, तेव्हा एकदम सगळ्यांना गरज दिसली.

“ही पेटी करती काय पण?” कोंडिबानं इंजिनिअरला विचारलं.

मल्लिकार्जुन मूळचा सोलापूरचाच. त्याला समजावून सांगायची हौस होती. “मामा, वीज एका ठरावीक लयीत येते. ती लय पेटीनं कमी केली की मोटार हळू फिरते, वाढवली की जोरात. पट्टा बदलायला नको, काही नको. नुसतं बटण फिरवायचं.”

“म्हंजी पंख्याचं रेग्युलेटर.”

“पंख्याच्या रेग्युलेटरचा चुलतभाऊ म्हणा. पण शिकलेला. फक्त एक आहे. मोटार किती हॉर्सपॉवरची, त्या मापाची पेटी घ्यावी लागते. माप चुकलं, तर म्हशीच्या गळ्यात शेळीचं दावं.”

“माप पाटीवर लिवलेलं हाय की,” चेअरमन म्हणाले. “पाच. कोंडिबा, सायबाला पाटी दाव.” आणि ते पिंप भरलं का ते बघायला पदाला शोभेल अशा चालीनं निघून गेले.

लेथखाली मोटार होती. मोटारीवर पाटी होती. पाटीवर पाच हॉर्सपॉवर असं ठसठशीत ठोकलेलं होतं. मल्लिकार्जुननं ते वाचलं, मान हलवली, आणि मग एक गोष्ट केली जी या जिल्ह्यात सहसा कुणी करत नसे. त्यानं पाटीवर विश्वास ठेवला नाही. पिशवीतून चिमट्यासारखं मीटर काढून त्यानं ते तारेभोवती अडकवलं आणि म्हणाला, “मामा, एक चांगला खोल कट घ्या.”

कोंडिबानं घेतला. मीटरचा काटा पाच हॉर्सपॉवरची मर्यादा ओलांडून बराच पुढे गेला आणि तिथं बसला.

“ही पाचची नाही,” मल्लिकार्जुन म्हणाला. “साडेसातच्या खाली नक्कीच नाही.”

कोंडिबा चिंधी घेऊन लेथ पुसायला लागला. 

त्याचं असं झालं होतं. विहिरीवरच्या मोटारींना विजेचे मीटर नसत. मोटार जितक्या हॉर्सपॉवरची तितकं वर्षाचं बिल. हा नियम आला आणि जिल्ह्यातल्या मोटारी एका हंगामात अशक्त झाल्या. दहाच्या साडेसात झाल्या, साडेसातच्या पाच, पाचच्या तीन. पाणी मात्र पहिल्याइतकंच उपसत. ही साथ पसरवणारा हात कोंडिबाचा होता, कारण पत्र्यावर आकडे ठोकायचे पंच साऱ्या भागात त्याच्याकडेच होते. लोक कोरा पत्रा घेऊन येत, एक कप चहा पाजत, आणि नवी पाटी घेऊन जात. कोंडिबाच्या लेखी ही काही चोरी नव्हती, बारसं होतं. बाळ कुणाचं आणि त्याचं वजन किती, याची बारशाला आलेल्यानं चौकशी करायची नसते.

लेथखालची ही मोटारही त्याच्याच हातून पाच हॉर्सपॉवरची झालेली. ती मुळात चेअरमनच्या विहिरीवरची.

आणि लेथची स्वतःची मोटार? ती होती दोन गतींची. गिरणीच्या काळातली, तांब्यानं भरलेली. खटका इकडे केला की धीमी, तिकडे केला की जलद. तीन वर्षांमागं चेअरमनची विहीर खोल गेली, त्यांची मोटार तापायला लागली, आणि त्यांनी लेथची मोटार ‘दोन दिवसांसाठी’ नेली. बदल्यात आपली धाडून दिली. ते दोन दिवस अजून संपले नव्हते. म्हणजे सोसायटीची धीमी गती चेअरमनच्या विहिरीवर बसून पाणी उपसत होती, आणि तीच गती परत मिळवायला सोसायटी पुण्याहून पेटी आणत होती. हे कोंडिबाला रोज सकाळी लेथ चालू करताना आठवायचं, आणि रोज सकाळी त्याच्या कानशिलावरची शीर उडायची.

“पाटी म्याच ठोकलीया,” तो अखेर म्हणाला.

मल्लिकार्जुन आधी त्याच्याकडे बघत राहिला. मग लेथला टेकून हसला. डोळ्यांतलं पाणी पुसून म्हणाला, “मामा, तुम्ही पुण्यात असता तर कंपनी काढली असती. असू द्या. मी साडेसातची पेटी सुचवतो.”

“सुचवा. अन् बगा काय हुतंय.”

काय झालं ते दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगला दिसलं. मल्लिकार्जुननं नीट मांडलं, की मोटार मापून बघितली आहे, ती साडेसातची भरते, पेटीही तेवढीच हवी. संचालक मंडळ एकदम अंतर्मुख झालं. त्यातल्या प्रत्येकाच्या विहिरीवर एकेक पाटी होती. कुणी छताकडे बघितलं, कुणी पानाचा डबा उघडला.

“उत्तरेश्वर,” चेअरमन म्हणाले, “पाटीवर काय हाय?”

“पाच,” सेक्रेटरी म्हणाला.

“सरकारी कागदात?”

“पाच.”

“मग सायब, मोटारीचं स्वतःचं काय मत हाय ते आपुन इचारायचं का?”

“मोटारीला विचारलं तर ती साडेसात सांगते,” मल्लिकार्जुन म्हणाला. “मी विचारलंय.”

“कोंडिबा,” चेअरमन वळले, “तू चालवतूस. तू सांग. पाटी खरी का खोटी?”

कोंडिबा उभा राहिला. शीर उडत होती. “खोटी हाय. धडधडीत खोटी हाय. समद्यास्नी ठावं हाय खोटी हाय ते!”

“असं?” चेअरमन मायेनं म्हणाले. “ठोकली कुणी?”

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, मोकळे, सुटल्यासारखे. कोंडिबा खाली बसला. पाच हॉर्सपॉवरची पेटी एकमतानं मंजूर झाली. मल्लिकार्जुननं एकदा तोंड उघडलं होतं, पण मग त्याच्या लक्षात आलं की पेटी विकली जाणं हे त्याच्या कंपनीच्या दृष्टीनं वाईट नव्हतं, आणि त्यानं ते मिटलं. त्याबद्दल त्याला रात्री झोप आली नाही असं तो नंतर कोंडिबाला म्हणाला. कोंडिबा म्हणाला, झोपायचं की, मंजूर तर झालं हुतं.

पेटी आली. भिंतीवर चढली. तिला झेंडूचा हार घातला गेला, कुंकू लागलं. उमरग्याहून पाहुणे आले, जीपगाड्या लागल्या, मांडवात खुर्च्या मांडल्या गेल्या. मल्लिकार्जुननं बटण हळूहळू फिरवलं, आणि लेथचं स्पिंडल सावकाश, डुलत, जुन्या दिवसांसारखं फिरायला लागलं.

कोंडिबानं मनाशी ठरवलं होतं की आपण आज खूश व्हायचं नाही. पण त्यानं हलका कट लावला, आणि नळीवर आटे उमटत गेले. स्वच्छ, धारदार, एकसारखे. बोट फिरवलं तर बोटाला मोजता यावेत असे. त्याचा चेहरा बघून मल्लिकार्जुन हसला. “शिकलेला चुलतभाऊ, मामा.”

“वाईट न्हाय,” कोंडिबा म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे मानपत्रच.

पण बारीक कीस पडतोय, आवाज नाही, ठिणगी नाही. पाहुणे जांभया द्यायला लागले. चेअरमन पुढे सरकले. “कोंडिबा, आणखी खोल घे. पाव्हण्यांना जोर दिसला पायजे.”

“ह्या पेटीवर खोल नगं.”

“घे म्हणलं ना.”

कोंडिबानं घेतला. पेटीवर लाल दिवा लागला आणि लेथ थांबलं. मल्लिकार्जुननं पुन्हा चालू केलं. पुन्हा लाल दिवा. पाहुण्यांतला एक जण दुसऱ्याच्या कानाशी लागला. बलभीमरावांच्या मानेवर घामाची धार लागली.

“साहेब, पेटी बिघडलेली नाही,” मल्लिकार्जुन म्हणाला. “ती तिचं कामच करतेय. झेपत नाही म्हणून ती नाही म्हणतेय.”

“ह्या सोसायटीत न्हाय म्हणायचा अधिकार तिला कुणी दिला? बाजूला काढा ती. तारा डायरेक्ट जोडा!”

कोंडिबानं हात मागे घेतले. “म्या न्हाय जोडणार.” मल्लिकार्जुननंही घेतले. पण संस्थेत वायरमन होता आणि वायरमनला नोकरी होती. त्यानं तारा जोडल्या. उन्हाळ्यातलं व्होल्टेज, आजाऱ्याच्या नाडीसारखं. लेथचं कापायचं हत्यार नळीत खोल रुतलेलं. कोंडिबा “आधी हत्यार मागं घिऊ द्या” म्हणतो आहे, तोवर चेअरमननी स्वतःच्या हातानं, पाहुण्यांकडे हसून बघत, स्विच दाबला.

मोटार फिरली नाही. ती गुरगुरली. पायाखालची फरशी थरथरेल अशी गुरगुरली, आणि मग तिच्यातून निळसर धूर निघाला. जळक्या वार्निशचा वास मांडवात पसरला. पाहुण्यांनी रुमाल नाकाला लावले. कुणीतरी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

जाताना मल्लिकार्जुन एसटीच्या थांब्यावर कोंडिबाला म्हणाला, “मामा, माझी पेटी शाबूत आहे हो.”

“पेटी शाबूतच राहती, सायब,” कोंडिबा म्हणाला. “ती न्हाय म्हणती ना.”

मोटार वाइंडिंगला सोलापूरला गेली. दुष्काळात कोरड्या विहिरी उपसून उपसून जिल्हाभरच्या मोटारी जळल्या होत्या. वाइंडिंगवाल्याच्या दुकानासमोर त्या सरकारी दवाखान्यातल्या रुग्णांसारख्या ओळीनं बसल्या होत्या. तो म्हणाला, पावसाळ्याच्या आत नंबर लागायचा नाही. इकडे अनुदान देणाऱ्या खात्याचे साहेब सोमवारी यंत्र चालू स्थितीत बघायला येणार होते. म्हणून शनिवारी मीटिंग बसली आणि मोटार का जळली याचा शोध लागला. टर्नरच्या हलगर्जीपणामुळं जळली होती.

“सोमवारी लेथ चाललं तर तुझी चूक पोटात घालू,” चेअरमन म्हणाले. “न्हाय चाललं तर कोंडिबा, सोसायटीला दुसरा माणूस बघावा लागंल. माझा नाइलाज हाय.”

कोंडिबाच्या आत काहीतरी सरळ उभं राहिलं. यावेळी पाटीची लाज आडवी आली नाही.

“चूक? माझी चूक?” त्याचा आवाज बाहेरच्या लिंबाखाली बसलेल्यांपर्यंत गेला. “स्विच कुणी दाबला? डायरेक्ट जोडा कोण म्हणलं? अन् ती मोटार हितं आलीच कशी? माझ्या लेथची मोटार तुमच्या हिरीवर हाय, चेअरमन! तीन वरसं झाली! दोन दिवसांला म्हणून नेली ती तुमच्या द्राक्षाला पाणी पाजतीया अन् आमी हितं पेट्या घ्यायलाव! म्या पाट्या ठोकल्या, व्हय, ठोकल्या; चहा पिऊन ठोकल्या. पण म्या कुणाची मोटार न्हाय नेली!”

 उत्तरेश्वरची लेखणी हवेत थांबली. सगळे चेअरमनकडे बघायला लागले, की आता स्फोट होणार.

बलभीमराव हसले. दुखावलेल्या थोरल्या भावासारखे हसले.

“मग घिऊन जा की, कोंडिबा. कोण न्हाय म्हणतंय? मला आठवलंच न्हाय बग. उद्याच ने. बैलगाडी माझी ने. बंडप्पाला सांगतो, सोडवायला हात लावील.” ते उठले, टोपी झटकली. दारात थांबून म्हणाले, “फकस्त एवढंच. माझ्याकडं आता दुसरी मोटार न्हाय. हिरीवर सकाळी वस्तीच्या बाया येत्यात पाण्याला. त्यांना तूच सांग.”

कोंडिबा घरी आला तर बायको जाईबाई चूल फुंकत होती. बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती.  भाकरी ताटात टाकताना एवढंच म्हणाली, “गाडी त्यांचीच घेनार का?”

“त्यांचीच घेनार. का न्हाय? मोटार माझी हाय.”

“सोसायटीची हाय.”

“लेथची हाय!”

“बरं,” जाईबाई म्हणाली. तिच्या ‘बरं’मध्ये किती अर्थ असतात हे कोंडिबाला लग्नापासून कळलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी तो चेअरमनच्या गाडीत बसून चेअरमनच्या विहिरीकडे निघाला. शेजारी पान्यांची पिशवी. वाटेत तो बैलांशी बोलत होता, म्हणजे बैलांमार्फत बलभीमरावांशी. जे शब्द तो बोलला ते बैलांनीही यापूर्वी ऐकले नसावेत. त्यांनी चाल वाढवली.

विहीर ओढ्याकाठी होती. काठावर शेड, शेडमध्ये मोटार, मोटारीचं पाणी नळीवाटे हौदात पडत होतं. हौदापुढे घागरींची रांग. आधी गावातल्यांची, त्यांची संपली की मागची, वस्तीची. वस्तीच्या बाया हौदाला हात लावत नसत. चेअरमनचा गडी बंडप्पा नळी उचलून त्यांच्या घागरीत वरून धार सोडत असे. ही चाल कुणी ठरवली असं विचारलं तर कुणीच ठरवलेली नव्हती. ज्या मोटारीला कोंडिबानं आयुष्यभर लेकरासारखं पुसलं, तिचं पाणी त्याच्या घरात शेवटी आणि वरून येत होतं. हे तो तीन वर्षं जाणून होता, पण समोर उभं राहून त्यानं कधी बघितलं नव्हतं. आज बघितलं. गावची रांग संपली होती. वस्तीची नुकती सुरू झाली होती.

“या मामा,” बंडप्पा म्हणाला. “मालकानं सांगितलंय, कोंडिबा आला तर अडवू नगं म्हणून. बायांनाबी पहाटंच सांगून ठिवलंय, आज कोंडिबा मोटार न्हेणार, भरून घ्या म्हणून.”

म्हणूनच रांग एवढी लांब होती. घराघरातलं होतं नव्हतं ते भांडं रांगेत आलं होतं. कळशा, तपेली, एक पितळी परातसुद्धा. पुढेच वस्तीतली म्हातारी विठाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

“काय रं कोंड्या, पाण्याला गाडी आनलीस? आमी आपल्या घागरीच आनल्या.”

“मावशे, पाण्याला न्हाय. मोटार न्यायला आलाव.”

“लेथाला तहान लागलीया व्हय?”

बाया हसल्या. कोंडिबाची शीर उडाली. “हसू नगा! ही मोटार माझ्या लेथची हाय. चोरून आनलेली हाय!”

“असंल की. चोरीचं पाणी खारट लागतंय का?”

“उद्या लेथ चाललं न्हाय तर मला घरी बसवत्यात, मावशे! माझ्या नावावर चूक मांडलीया. म्या न केलेली!”

“तर बस की घरी,” हा आवाज रांगेच्या मधून आला. जाईबाईचा. ती त्याच्याकडे बघत नव्हती, डोक्यावरची चुंबळ सारखी करत होती. “घरी बसल्यावर पानी मागचाल. तवा कुठनं देऊ तेवडं सांगा.”

चारचौघांत बायको असं बोलली याचा राग, ती बरोबर बोलली याचा त्याहून मोठा राग. कोंडिबा शेडमध्ये घुसला. “बंद कर रं!”

बंडप्पानं स्विच ओढला. मोटार घरघरत थांबली. हौदात पडणारी धार बारीक झाली, करंगळीएवढी झाली, मग थेंब झाली. विठाबाईची घागर अर्धी भरली होती. ती तशीच नळीखाली धरून उभी राहिली, थेंबांनी भरेल अशा थाटात.

कोंडिबा गुडघ्यावर बसला. मोटार गरम होती. अंगावर धूळ, कोळिष्टकं. पण पाटी जागच्या जागी. गिरणीच्या काळातली, पितळेची, जशीच्या तशी. साऱ्या जिल्ह्यात ही एकच पाटी खरी असावी, आणि ती वाचायला कुणी नव्हतं. त्यानं पायाच्या पहिल्या बोल्टला पाना लावला. बोल्ट गंजलेला. त्यानं जोर केला, तो सुटला. दुसऱ्याला लावला. तोही सैल झाला.

मागे काहीच आवाज होईना. हीच गोष्ट त्याला सहन होत नव्हती. बायांनी शिव्या द्याव्या, रडावं, अंगावर यावं. त्याच्यापाशी प्रत्येकीला उत्तर होतं. त्यानं मान वळवून बघितलं. रांग मोडली नव्हती. जाईबाईनं डोक्यावरची चुंबळ काढून जमिनीवर ठेवली होती आणि रिकामी घागर मांडीशी घेऊन ती त्या चुंबळीवर बसली होती. एसटी चुकलेलं माणूस पुढच्या गाडीची वाट बघत बसतं, तशी.

मग कोंडिबानं शिव्या द्यायला सुरुवात केली. बलभीमरावांना दिल्या, त्यांच्या बैलांना दिल्या, नाही म्हणणाऱ्या पेटीला आणि हो म्हणणाऱ्या वायरमनला दिल्या, सोलापूरच्या वाइंडिंगवाल्याला दिल्या, आभाळाला दिल्या, आणि आकडे ठोकणाऱ्या स्वतःच्या उजव्या हाताला सगळ्यांत जास्त दिल्या. शिव्या देता देता तो दुसरा बोल्ट उलटा फिरवत होता. मग पहिला. इतक्या त्वेषानं आवळत होता की पाना सटकला आणि बोटांची सालटी निघाली. त्यानं बोटं धोतराला पुसली आणि आणखी एक आटा आवळला.

“चालू कर,” तो म्हणाला.

“आं?”

“चालू कर म्हणलं! बहिरा हायस का?”

स्विच पडला. मोटार उचलली. नळीत हवा खोकली, लाल पाणी आलं, मग स्वच्छ. विठाबाईची घागर भरायला लागली. “पुढं सरका गं,” ती मागे वळून म्हणाली, जणू मधे काही झालंच नव्हतं. सगळ्या बाया धारेकडे बघत होत्या. कोंडिबा धारेकडे बघत नव्हता. तो शेडमध्येच उकिडवा बसून, मान तिरपी करून, मोटारीला कान लावून काहीतरी ऐकत होता.

बंडप्पा रिकाम्या गाडीकडे, मग त्याच्याकडे बघत राहिला. “मग मामा, गाडी मोकळीच न्यायची? उद्या सायब येनार. मालकास्नी काय सांगू?”

रांगेतल्या बायाही बोलायच्या थांबल्या. कोंडिबा मालकाला निरोप धाडणार म्हणजे तो ऐकण्यासारखा असणार.

“मालकास्नी सांग,” कोंडिबा कान न काढता म्हणाला, “वाटीभर ग्रीस धाडा म्हणावं. बेअरिंग सुकलंय.”